चव भट्टीत जन्मत नाही

"आफ्रिकेत कॉफी रानात आपोआप उगवते. शेतकरी फळं तोडून विकतो, बस्स. खरी चव येते युरोपातल्या भट्टीत, मग पैसाही तिथेच जाणार!" हे ढकलपत्र सध्या जोरात फिरतंय.

रानाचं म्हणणं थोडंफार खरं आहे. इथिओपियाच्या नैर्ऋत्येला, काफाच्या जंगलात अराबिका (कॉफीचीच एक जात) आजही रानटी वाढते. पण त्याच देशातल्या सिदामा किंवा येर्गाचेफे भागातली कॉफी बहुतांशी परसातली. घराभोवती, एन्सेतच्या (केळीची चुलतबहीणच ती) आडोशाला हातानं लावलेली.

'फळं तोडतो, बस्स' यात मात्र खरी गोम आहे. एका फांदीवरची फळंसुद्धा एकदम पिकत नाहीत. लाल तेवढी वेचायची, काही दिवसांनी पुन्हा त्याच झाडाशी यायचं. तोडलेली चेरी (कॉफीच्या फळाला चेरीच म्हणतात) शक्यतो त्याच दिवशी पल्परमधून, म्हणजे साल काढणाऱ्या यंत्रातून, निघायला हवी. केनियात गावच्या सहकारी धुलाई केंद्राला 'फॅक्टरी' म्हणतात. हंगामात तिथे चेरीची पोती घेऊन रांगा लागतात. साल निघाली तरी बीवर चिकट गर राहतो. तो टाकीत आंबवून सैल करायचा आणि धुवायचा. वेळ चुकून आंबवण लांबलं, तर आंबूस वास बीत कायमचा मुरतो. मग बाजेसारख्या उंच जाळ्यांवर वाळवण, ओलावा ११-१२ टक्क्यांवर येईपर्यंत. कडक ऊन झालं की झाकायचं, पाऊस आला की झाकायचं. दिवसभर दाणे परतत, फुटके-काळे वेचत उभ्या असतात त्या बहुतेक बायका. हे काम शेतकऱ्याच्या अंगणात नाही, केंद्रावर होतं, हे मान्य. पण राबणारे हात त्याच डोंगरातले.

आणि भट्टी? रवांडा-बुरुंडीत अँटेस्टिया नावाचा ढेकूण फळाला डंख करतो. अशा फळाच्या कॉफीला कच्च्या बटाट्याचा वास येतो. भाजणारा कितीही निष्णात असो, तो वास जात नाही. उलट, रवांडात २००० च्या सुमारास धुलाई केंद्रं बोटांवर मोजण्याइतकी होती. ती शेकड्यांनी उभी राहिली, तेव्हा त्याच टेकड्यांवरच्या कॉफीला चोखंदळ गिऱ्हाईक मिळालं. भट्ट्या काही बदलल्या नव्हत्या.

राहिला पैसा. सुमारे सहा किलो चेरीतून एक किलो वाळलेली बी मिळते, आणि अराबिकाच्या भावाचा आधार ठरतो न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात. १९८९ च्या जुलैमध्ये आंतरराष्ट्रीय कॉफी कराराचे निर्यात कोटे (कुठल्या देशानं किती कॉफी बाहेर विकायची याच्या मर्यादा) मोडले आणि काही महिन्यांत भाव जवळपास निम्म्यावर आला. त्या हंगामात केनियातल्या शेतकऱ्यानं मेहनत काही निम्मी केली नव्हती.