उसन्या वस्तूंचं गणित
म्युझियमनं आपल्या संग्रहातल्या वस्तू विकणं म्हणजे सरळ दगा, असं एका लेखात वाचलं, ते वाक्य जरा सरसकट झालं. एकाच नाण्याचे चार नग असतील किंवा एखादी पेटी वाळवीनं पार पोखरली असेल तर काढणारच ना. मुद्दा पैसा कुठे जातो हा आहे, अमेरिकेतल्या आर्ट म्युझियम्सचा नियम होता की विक्रीच्या पैशातून नवीन कलाकृतीच घ्यायच्या, लाईटबिल पगार नाही, २०२० ला कोविडमध्ये त्यात थोडी ढील दिली तर केवढा गदारोळ! उलट ब्रिटिश म्युझियमला १९६३ च्या कायद्यामुळे मोजके अपवाद सोडले तर काही देऊनच टाकता येत नाही, मग पळवाट लोनची, म्हणजे वस्तू ठरावीक मुदतीपुरती उसनी द्यायची. २०२४ ला घानाला तिथल्याच असांते राजघराण्याचं ब्रिटिशांनी लुटलेलं सोनं गेलं ते पण तीन वर्षांच्या बोलीवर, म्हणजे त्यांनी आपलंच सोनं उसनं घ्यायचं आणि वर परत करायची हमी पण द्यायची, कमाल आहे बुवा