कंटेनरमधली बॅटरी म्हणजे मोठा मोबाइल नव्हे

‘सौर-पवन ऊर्जा साठवणारे बॅटरी कंटेनर म्हणजे मोबाइलचीच बॅटरी, फक्त मोठी. चार तासांत संपते, तीन वर्षांत मरते आणि एक कंटेनर पेटला की अख्खं केंद्र खाक.’ हा मजकूर सर्रास फॉरवर्ड होतो आहे. एकेक दावा तपासून पाहू.

‘चार तास’ हा इन्व्हर्टर किती क्षमतेचा जोडला त्याचा हिशेब आहे. हल्लीच्या २० फुटी कंटेनरमध्ये साधारण ५ मेगावॉट-तास वीज मावते. ती २.५ मेगावॉटने काढली तर दोन तास पुरते, १.२५ ने काढली तर चार. आठवडाभर वारा पडला तर ती पुरणार नाही, हे खरं. पण ती बसवतात दुपारची वीज संध्याकाळी वापरायला.

आयुष्याचं म्हणाल तर मोबाइलमध्ये बहुधा कोबाल्टवाला सेल असतो आणि तो खिशातल्या उष्म्यात तासन्‌तास शंभर टक्के भरलेला राहतो. कंटेनरमध्ये लिथियम आयर्न फॉस्फेटचे सेल असतात: ३१४ अँपिअर-तास, ३.२ व्होल्ट, म्हणजे एका सेलमध्ये साधारण एक युनिट (किलोवॉट-तास) वीज. असे सुमारे ५,००० सेल पाणी आणि ग्लायकॉल खेळवून थंड ठेवतात. रोज एकदा भरून रिकामे केले तरी ते दहा-पंधरा वर्षं काम देतात. क्षमता हळूहळू घटणार हे गृहीतच असतं, म्हणून पुढे कंटेनर वाढवण्यासाठी जागा आधीच राखतात.

खरी डोकेदुखी वेगळीच आहे आणि तिच्याबद्दल हा मजकूर चकार शब्द काढत नाही. या सेलचा व्होल्टेज मधल्या टप्प्यात जवळजवळ बदलतच नाही, त्यामुळे किती चार्ज उरला हे आत-बाहेर जाणारा करंट मोजून ठरवावं लागतं. मोजणीतली चूक साचत जाते. पडद्यावर १५ टक्के दिसत असतात आणि एक कमजोर सेल तळाला टेकतो. सेल एकसर जोडलेले, त्यामुळे सबंध रॅक, म्हणजे त्या सेलचा अख्खा संच, बंद! उपाय म्हणजे रॅक ठरावीक काळाने पूर्ण भरायचा. शेवटी व्होल्टेज झपकन चढतो, तिथे मोजणी दुरुस्त होते आणि सेल समतोल करता येतात.

आता आग. ऑस्ट्रेलियात जीलाँगजवळ जुलै २०२१ मध्ये एका बॅटरी केंद्रात चाचणीदरम्यान कूलंट (थंड ठेवणारा द्रव) गळून एक बॅटरी-कंटेनर पेटला. तो किल्लीने बंद केलेला होता, त्यामुळे देखरेख आणि संरक्षणाचा बराच भाग झोपला होता. जोराच्या वाऱ्याने ज्वाळा शेजारच्या कंटेनरच्या छतावरल्या प्लास्टिक झडपांतून आत शिरल्या आणि तोही पेटला. पण २१२ पैकी जळाले ते दोनच. पुढे त्या झडपांवर पोलादी कवच आलं.

वायूची भीती मात्र रास्त आहे. तापलेल्या सेलमधून हायड्रोजनसारखे ज्वलनशील वायू निघतात आणि ज्वाला दिसत नसली तरी आत साचत राहतात. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या अॅरिझोनात धुमसणाऱ्या बॅटरी केंद्राचं दार काही तासांनी उघडल्यावर स्फोट झाला, अग्निशमन जवान जखमी झाले. म्हणून वायू ओळखणारे सेन्सर, बाहेर फेकणारे पंखे आणि दाब वरच्या वर सोडणारे पॅनेल हवेतच. धुमसणाऱ्या कंटेनरचं दार उघडायचं नाही. पाणी मारायचं ते शेजारचे कंटेनर थंड ठेवायला.