पणजीविषयी मत बाळगणाऱ्यांसाठी काही सूचना

पणजीत स्वतःचे घर नसले तरी चालते, पण पणजीच्या विकासाविषयी स्वतःचे मत नसलेला माणूस या गावात फार दिवस टिकत नाही. २०११ च्या जनगणनेनुसार महापालिका क्षेत्राची लोकसंख्या ४०,०१७ होती. मते मात्र त्याहून कितीतरी अधिक आहेत. ती पर्वरी, ताळगाव, म्हापसा आणि फोंडा येथून रोज सकाळी कदंबच्या बसने किंवा दुचाकीने शहरात येतात आणि संध्याकाळी पुलावरच्या कोंडीत अडकून अधिकच पक्की होऊन परत जातात. या गर्दीत नवख्याचा गोंधळ उडू नये, आणि ‘विकासाचा विरोधक’ किंवा ‘बिल्डरचा माणूस’ यांपैकी कोणताही शिक्का त्याच्यावर बसू नये, एवढ्याच सद्‌हेतूने अनुभवी मंडळींच्या आचरणावरून या सूचना काढल्या आहेत.

मत मांडण्यापूर्वी खऱ्या पणजीचे साल ठरवून घ्यावे. प्रत्येक पणजीकराकडे असे एक साल असतेच. कोणाची पणजी १९६१ च्या डिसेंबरात, गोवा मुक्त झाला तेव्हा संपली, कोणाची १९८६ मध्ये मांडवीचा पूल कोसळला त्या दिवशी, कोणाची २००४ मध्ये इफ्फी हा चित्रपट महोत्सव आल्यावर. आणि कॉलेजात जाणाऱ्या मुलांची पणजी परवापरवा, रस्ते खणायला घेतले तेव्हा संपली. साल निवडताना एकच पथ्य पाळावे. ते आपल्या कुटुंबाने पणजीत बिऱ्हाड थाटल्यानंतरचे असावे आणि दुसऱ्या कोणी थाटण्यापूर्वीचे असावे. आपले आजोबा पेडण्याहून किंवा सावंतवाडीकडून येऊन मळा या जुन्या वस्तीत दोन खोल्यांत भाड्याने राहिले, ती शहराच्या जडणघडणीची हृद्य कहाणी असते. त्यांच्या नंतर जो आला तो लोंढा.

या सालाच्या मागे मात्र जाऊ नये, कारण तिकडे पाय रुततो. आदिलशहाच्या वाड्यात पोर्तुगीज व्हाइसरॉय राहायला आला तो १७५९ मध्ये, आणि पणजीला राजधानी म्हणून अधिकृत दर्जा मिळाला तो १८४३ मध्ये. त्या दोहोंच्या मधल्या काळात दोम मानुएल द पोर्तुगाल ई काश्त्रू नावाच्या व्हाइसरॉयने वाळूच्या टेकड्या सपाट करून आणि दलदल बुजवून हे आखीव रस्त्यांचे गाव उभे केले. म्हणजे ज्या शहराचे ‘मूळ स्वरूप’ जपावे असे आपण म्हणतो, ते शहरच मुळात एका सरकारी भराव योजनेचे फळ आहे, आणि त्या योजनेविषयी स्थानिकांचे मत कोणी विचारले असेल असे वाटत नाही. त्याही आधीचे मूळ स्वरूप हवे असेल तर ते म्हणजे चिखल आणि डास. जुलै महिन्यात भरतीच्या वेळेला मोठा पाऊस आला की अठरा जून मार्ग दरवर्षी आपणहून त्या मूळ स्वरूपाकडे परत जातो, पण त्याचे स्वागत करायला अस्मितेचा एकही पुरस्कर्ता छत्री घेऊन उभा असल्याचे दिसत नाही.

साल ठरले की अस्मिता ठरवावी. येथे आपल्याला शासनाची मोलाची मदत होते, कारण शासनाकडे दोन अस्मिता तयार आहेत. पर्यटन खात्याच्या जाहिरातींत फोंतेन्हास या पोर्तुगीज वळणाच्या जुन्या वस्तीच्या पिवळ्या, निळ्या आणि लाल भिंती असतात आणि खाली ‘लॅटिन क्वार्टर’ असे लिहिलेले असते; तर २०२३ मध्ये मुख्यमंत्र्यांनी पोर्तुगीजांच्या खाणाखुणा पुसून टाकण्याची वेळ आली असल्याचे जाहीर केले. हुशार मतधारकाने या दोहोंतून एक निवडण्याची घाई करू नये. दुपारी पाहुण्यांना फोंतेन्हास दाखवताना पहिली अस्मिता वापरावी आणि संध्याकाळी सभेत दुसरी. फोंतेन्हासमध्ये राहणाऱ्यांना काय वाटते, हा प्रश्न या चर्चेत उपस्थित होत नाही. त्यांच्या पायरीवर पसरट हॅट घातलेली एक मुलगी बसलेली असते, समोर तिचा मित्र फोन आडवा धरून उभा असतो, आणि घरातल्या आजींना बाजाराची पिशवी घेऊन आत जायचे असले तरी ‘एकच मिनिट, आंटी’ म्हणून थांबवले जाते. आजींनी दारावर ‘फोटो काढू नयेत’ अशी पाटी लावली, तर त्या पाटीसकट फोटो निघतो.

दोन अस्मिता एकत्र नांदवायच्या कशा, याचा वस्तुपाठ हवा असेल तर चर्चसमोरच्या महापालिका उद्यानात जाऊन यावे. वास्को द गामाच्या आगमनाला चारशे वर्षे झाली म्हणून तेथे एक स्तंभ उभारला होता आणि त्यावर गामासाहेबांचा अर्धपुतळा होता. मुक्तीनंतर पुतळा गेला आणि त्या जागी अशोकाचे सिंह आले. स्तंभ तोच आहे. आझाद मैदानातही तीच तऱ्हा: जुन्या गोव्यातल्या एका चर्चचे खांब वापरून गोवा जिंकणाऱ्या अल्बुकर्कच्या पुतळ्यासाठी जो मंडप बांधला होता, त्यात आता स्वातंत्र्यसैनिकांचे स्मरण होते. मला स्वतःला हा व्यवहार मनापासून आवडतो आणि पणजीच्या स्वभावाला तो शोभतोही. पण हे उघडपणे म्हटले तर दोन्ही बाजूंचे लोक नाराज होतात, तेव्हा वाचकांनी तसे म्हणू नये. मताचा खांब कायम ठेवावा आणि वरची मूर्ती तेवढी निवडणुकीगणिक बदलावी.

आता स्मार्ट सिटीकडे वळू. २०१६ मध्ये पणजीची या योजनेत निवड झाली तेव्हा बहुतेक मतधारकांनी आनंद व्यक्त केला होता, हे आता कोणाला आठवत नाही आणि आपणही आठवण करून देऊ नये. पुढे योजनेची अखेरची तारीख जून २०२३ होती, मग जून २०२४ झाली, मग मार्च २०२५ झाली. तारखा अशा पुढे सरकत असताना रस्ते मात्र खाली सरकत होते, आणि खचलेल्या रस्त्यात मालवाहू ट्रकचे चाक रुतल्याची छायाचित्रे वर्तमानपत्रांत येत होती. २०२४ मध्ये धुळीचा प्रश्न उच्च न्यायालयात गेला आणि न्यायमूर्तींनी स्वतः शहरात फिरून पाहणी केली. अशा वेळी मतधारकाने ‘नियोजनच नाही हो’ एवढे म्हणून मान हलवावी. खड्डा मलनिस्सारणाचा आहे, पाण्याचा आहे की वीजवाहिनीचा, याची चौकशी करू नये; कारण चौकशी केल्यास उत्तर मिळण्याचा धोका असतो. पणजीच्या जमिनीखालच्या मलवाहिन्या जुन्या आणि जीर्ण झाल्या होत्या, त्या कधीतरी बदलाव्या लागणारच होत्या, ही माहिती कानावर पडली की मताची धार जाते. मग ‘बदलायच्या होत्या, पण सगळे रस्ते एकदम का फोडले’ असा अधिक कठीण प्रश्न विचारावा लागतो आणि त्याचे उत्तर ज्यांनी द्यायचे त्यांच्याकडे तासभर ताटकळत बसावे लागते.

दुकानदारांचे मत तर मुळीच विचारू नये. रस्ता फोडला की दुकानाच्या उंबऱ्यापासून पलीकडच्या काठापर्यंत एक फळी टाकली जाते. गिऱ्हाईक मधोमध आले की ती वाकते, एका टोकाचा खिळा वर येतो, आणि पिशवी सांभाळावी की पदर, असा प्रश्न पडतो. आत मालक शटर अर्धे ओढून बसलेला असतो. कापडाच्या गठ्ठ्यांवर प्लास्टिक पसरलेले, काउंटरवर ओले फडके, आणि फडके फिरवून हात बाजूला घेईपर्यंत काचेवर पुन्हा तांबडा थर. काम संपल्यावर त्याच्या लक्षात येते की पूर्वी दुकानात यायला पायरी चढावी लागत होती आणि आता उतरावी लागते. रस्त्याची पातळी वाढल्यामुळे पहिल्या पावसाचे पाणी कोणाकडे येणार, हेही त्याला कळून चुकते. अशा माणसाशी शहराच्या आत्म्याविषयी बोलायला गेले तर तो ‘ते राहू दे, गटार कधी साफ करणार?’ असे विचारतो आणि चर्चेची पातळी एकदम खाली आणतो.

मांडवीतल्या कॅसिनोंविषयी फार विचार करण्याची गरज नाही. ती जहाजे नदीतून हलवली पाहिजेत, हे पणजीतले सर्वांत सुरक्षित मत आहे, कारण प्रत्येक प्रमुख पक्षाने विरोधात असताना ते बाळगलेले आहे आणि सत्तेत आल्यावर मुदतवाढ दिलेली आहे. आपणही ते निर्धास्तपणे बाळगावे. फ्लॅट मात्र कॅसिनोच्या कर्मचाऱ्यांना भाड्याने द्यावा. ते भाडे वेळेवर देतात.

कला अकादमीविषयी मत असणे मराठी नाट्यरसिकाला सक्तीचे आहे. चार्ल्स कोरिया यांच्या या वास्तूचे नूतनीकरण २०२१ मध्ये सुरू झाले, जुलै २०२३ मध्ये तिच्या खुल्या रंगमंचाच्या छताचा भाग कोसळला आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये ती पुन्हा खुली झाली. निविदेविना काम दिल्याचा आक्षेप आला, तेव्हा शहाजहानने ताजमहालासाठी तरी कोठे निविदा मागवल्या होत्या, असा बिनतोड दाखला थेट विधानसभेत देण्यात आला. हा दाखला जपून ठेवावा. घराची गळती काढणाऱ्या गवंड्याशी घासाघीस करताना तो उलट्या बाजूनेही वापरता येतो. रंगकर्मींनी ध्वनियोजना, प्रकाश आणि गळती यांवर चहापानाच्या वेळी कडक बोलावे व नंतर आत जाऊन आपल्या प्रयोगाची तारीख पक्की करावी.

यापुढील सूचना नाजूक आहे. शहर ‘भायल्यां’च्या, म्हणजे बाहेरच्यांच्या, हाती गेले, असे म्हणताना फक्त घेणाऱ्याचा उल्लेख करावा. विक्रीखतावर दोन बाजूंच्या सह्या असतात, हे सर्वांना ठाऊक असले तरी ते चारचौघांत बोलण्याची रीत नाही. मळ्यातले एखादे जुने घर घ्या: कौले सरकलेली, शिंपल्यांच्या तावदानांची खिडकी अर्धी उघडी, बाल्कांवच्या, म्हणजे दारापुढच्या ओसरीच्या, बाकड्यावर कोणा दुसऱ्याचीच मांजर. गोव्याच्या नागरी कायद्यानुसार सर्व मुलामुलींचा वारसा, आणि बहुधा त्यांच्या पती-पत्नींचाही वाटा. एक लिस्बनला, एक मुंबईला, दोन पर्वरीला, आणि एक बहीण जिच्याशी बारा वर्षे कोणी बोललेले नाही. डागडुजीच्या खर्चावर त्यांचे एकमत होत नाही. मात्र दिल्लीच्या गिऱ्हाइकाने आकडा सांगितला की सगळ्या सह्या पंधरवड्यात गोळा होतात, रुसलेल्या बहिणीचीसुद्धा. पुढे तेथे महागड्या कॉफीचे दुकान निघते. उद्‌घाटनानंतरच्या रविवारी त्याच घरातला एक वारस समोरच्या पदपथावर उभा राहून ‘पणजीचे काय करून ठेवले यांनी’ म्हणतो, तेव्हा आपण मान डोलवावी. गोंयकारपण, म्हणजे गोवेकर असणे, विकता येत नाही, हे त्याचे वाक्य खरेच आहे; त्याने फक्त घर विकले.

शेवटचा आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न मत कोठे मांडावे हा आहे. आझाद मैदानाच्या आसपास कोठेही भाजी-पाव समोर ठेवून मांडावे, कोपऱ्यावरच्या पानवाल्याकडे मांडावे, लग्नाच्या पंगतीत मांडावे, परंतु लिहून देऊ नये. लेखी मताला सर्व्हे क्रमांक लागतो, त्याची प्रत काढावी लागते, आवक विभागातल्या बाई जेवायला गेलेल्या असतील तर थांबावे लागते, आणि एवढे करून कागदावर शिक्का बसला की ते मत आपले राहत नाही, दफ्तरातले होते. नगरनियोजन कायद्यात २०२४ मध्ये घातलेल्या कलम ३९ अ खाली जमिनीचा विभाग (झोन) बदलायचा असेल तर लोकांच्या सूचना-हरकतींसाठी ३० दिवस दिले जातात. त्याआधी २०२३ मध्ये कलम १७(२) आले होते. त्यात प्रादेशिक आराखड्यातल्या अनवधानाने झालेल्या ‘चुका’ दुरुस्त करण्याची सोय होती, आणि त्याखालचे नियम उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये रद्द केले. ते न्यायालयात नेणारे लोक कागद वाचणारे होते. अशा लोकांपासून सावध राहावे.

त्यांचा उपद्रव जुना आहे. २०११ सालापर्यंतचा म्हणून केलेला ‘प्रादेशिक आराखडा २०११’ २००६ मध्ये अधिसूचित झाला होता, सगळे सुरळीत होते; लोकांनी नकाशे पसरून आपापल्या गावातली डोंगर-शेते शोधली, हरकती लिहिल्या, रस्त्यावर उतरले, आणि जानेवारी २००७ मध्ये सरकारला तो मागे घ्यावा लागला. २०१८ मध्ये ग्रेटर पणजी नियोजन व विकास प्राधिकरणाविरुद्ध ताळगाव, सांताक्रूझ आणि सांत आंद्रेचे ग्रामस्थ असेच एकत्र आले. आणि गोवा महाराष्ट्रात विलीन करावा की वेगळा ठेवावा, यावरचा १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल तर आपल्याकडच्या कोणत्याही घरात अजून विसरलेला नाही: ३४,०२१ मतांच्या फरकाने एका अख्ख्या प्रदेशाचे भवितव्य ठरले. कौल आपल्या बाजूने लागला की विरुद्ध, यावर आमच्या पंगतीत आजही दोन तट पडतात. पण मत मोजले गेले की त्याचा परिणाम होतो, एवढे दोन्ही तटांना मान्य आहे. म्हणून ज्याला परिणामांची जबाबदारी नको असेल त्याने आपले मत मोजता येणार नाही अशाच ठिकाणी ठेवावे.

तेव्हा वाचकहो, आपल्या प्रभागातल्या एखाद्या भूखंडाची सूचना राजपत्रात आल्याचे कोणी सांगितलेच, तर प्रथम ‘बघतो’ म्हणावे. मग चतुर्थीची तयारी असते, जत्रा असते, मुलाची परीक्षा असते. हरकतींची मुदत शुक्रवारी संध्याकाळी संपली की शनिवारी सकाळी चहा मागवावा, वर्तमानपत्र उघडावे, आणि शेजारच्या टेबलापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणावे, ‘आम्हाला कोणी विचारलेच नाही.’