खुलासा : ‘सोनोग्राफी नॉर्मल, म्हणजे काळजी मिटली’ हे खरं नाही

लघवीतून एकदा रक्त गेलं, सोनोग्राफी नॉर्मल आली आणि रक्तही थांबलं, तर पुढे काही करायची गरज नाही, असा एक मेसेज सध्या फिरतोय. तो चुकीचा आहे, आणि कुणाच्या तरी जिवावर बेतू शकतो.

सोनोग्राफी चांगली तपासणी आहे. किरणोत्सर्ग नाही, मूत्रपिंडाची सूज, मोठे खडे, गाठी दिसतात. पण मूत्रवाहिनीच्या (मूत्रपिंडातून मूत्राशयात लघवी नेणाऱ्या नळीच्या) मधल्या भागातला बारीक खडा किंवा मूत्राशयाच्या अस्तरावरची छोटी, चपटी गाठ तिच्यातून सहज निसटते.

म्हणून, विशेषतः वय जास्त असेल किंवा धूम्रपानाची सवय असेल, तर डॉक्टर सीटी युरोग्राफी, म्हणजे लघवीच्या मार्गाचा सीटी स्कॅन सांगतात. आधी औषध न देता फोटो काढतात, त्यात खडे पांढरे चमकतात. मग शिरेतून कॉन्ट्रास्ट, म्हणजे स्कॅनमध्ये पांढरं दिसणारं औषध देतात. साधारण १० मिनिटांनी ते लघवीबरोबर खाली उतरतं आणि मूत्रवाहिनी पांढऱ्या दोऱ्यासारखी उमटते. तो दोरा कुठे तुटक दिसला, की तिथे अडथळ्याची शंका येते. (कॉन्ट्रास्टआधी रक्तातलं क्रिएटिनिन तपासतात, त्यावरून मूत्रपिंडं नीट काम करतात का ते कळतं. गरोदरपणात शक्यतो सोनोग्राफी किंवा एमआरआय.)

तरीही मूत्राशय आतून पाहायला दुर्बीण, म्हणजे सिस्टोस्कोपीच लागते. स्कॅन तिची जागा घेत नाही.

आणि रक्त आपोआप थांबलं, दुखलं नाही, म्हणून निर्धास्त होऊ नका. मूत्राशयाच्या कर्करोगात नेमकं असंच होतं : न दुखता रक्त जातं आणि मध्ये कित्येक आठवडे लघवी स्वच्छ असते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असली तरी तपासणी टाळू नका.