कोबीतली अळी मेंदूत जात नाही

बेळगाव-खानापूर भागातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर तोच मेसेज पुन्हा फिरतोय: "कोबीतला टेपवर्म शिजवूनही मरत नाही, मेंदूत जाऊन वाढतो. कुत्रा, डुक्कर, कोबी, सगळीकडे हाच किडा." सोबत पानावरच्या हिरव्या अळीचा फोटो. आमच्या शिवारातला कोबी गोव्यापर्यंत जातो. अशा मेसेजनं मार पिकवणाऱ्याला बसतो, आणि खरा धोका बाजूलाच राहतो.

फोटोतली अळी पतंगाची. तिला पाय आहेत, तोंड आहे, म्हणूनच ती पान कुरतडते. टेपवर्मला, म्हणजे पट्टकृमीला, तोंडही नाही नि आतडंही नाही. तो अंगानंच अन्न शोषतो. अळी चुकून पोटात गेली तरी तिचा पट्टकृमी होत नाही.

शिजवून मरत नाही, हेही खोटं. नीट उकळलेल्या भाजीत पट्टकृमीची अंडी टिकत नाहीत. प्रश्न कच्च्या कोशिंबिरीचा आहे, पण अंडी कोबीत तयार होत नाहीत, ती माणसाच्या विष्ठेतून येतात. डुकराच्या कच्च्या मांसातून टीनिया सोलियम हा कृमी ज्याच्या आतड्यात गेला, तो उघड्यावर परसाकडे बसला, मळ्यात मैलापाणी शिरलं, किंवा हात न धुता त्यानं जेवण वाढलं, की अंडी दुसऱ्याच्या पोटात. म्हणूनच जन्मात मांस न खाल्लेल्यालाही यातून फेफरं येऊ शकतं. अंड्यातून निघालेली पिल्लं रक्तातून मेंदूत पोचतात, पण तिथं लांब फीत वाढत नाही. बहुधा सेंटीमीटरभराची पाण्याची गाठ होते.

आता "सगळीकडे हाच किडा". गाई-बैलाच्या मांसातला टीनिया सॅजिनाटा वेगळा. त्यानं माणसाच्या मेंदूत गाठी होत नाहीत. दोघांची अंडी सूक्ष्मदर्शकाखाली सारखीच दिसतात, फरक डीएनएत कळतो. सोलियमच्याही दोन वंशशाखा निघाल्या: एक आशियातली, दुसरी आफ्रिका-लॅटिन अमेरिकेतली. कुत्र्याच्या आतड्यातला एकिनोकॉकस ग्रॅन्युलोसस तर जेमतेम काही मिलिमीटरचा. त्याची एकच जात मानत. जनुकं तपासल्यावर जी१ ते जी१० असे प्रकार मांडले गेले. पुढं जी२ वेगळा उरला नाही, जी४ (घोड्यातला) आणि जी५ या दोन स्वतंत्र जाती ठरल्या. भारतात जी१ आणि जी३ जास्त सापडतात.

ही वर्गवारी कामाची आहे, कारण प्रत्येकाची वाट वेगळी आणि बंदोबस्तही वेगळा. कुत्र्याचा कृमी मेंढरांच्या काळजा-फुप्फुसातल्या गाठींतून कुत्र्यात जातो, तेव्हा बकरं कापल्यावर ते तुकडे कुत्र्यापुढं टाकू नका, खोल पुरा. कोबीच्या गड्ड्याची बाहेरची पानं काढा, उरलेली एकेक सुटी करून वाहत्या पाण्यात धुवा.