लाल बटण दाबलं की उपग्रह शोधून काढतो? नाही, काढत नाही

गेल्या आठवड्यात भाच्याचा फोन आला. त्याने मेरीलँडमध्ये, अ‍ॅनापोलिसजवळ, २७ फुटी जुनी शिडाची बोट घेतली आहे. तिच्यावरचा रेडिओ बंद पडला होता म्हणून नवा आणला. "मावशी, बसवून झाला पण, दीड तासात," म्हणाला. दीड तासात कसा काय, असं विचारल्यावर त्याने मला एक मेसेज पाठवला. हा मेसेज इथल्या मराठी मंडळींच्या ग्रुपांवर महिनाभर फिरतोय आणि माझ्याकडेही दोनदा येऊन गेला होता. मी तो न वाचता सोडून दिला होता. घरातल्याच पोराने त्यावर विसंबून काम केलं म्हटल्यावर मात्र शब्दन् शब्द वाचला आणि डोकं फिरलं.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. बोटीवरचा रेडिओ बदलणं हे गाडीतला स्टिरिओ बदलण्यासारखंच आहे, दुकानदार उगाच खर्चात पाडतात. मोबाईल असताना रेडिओ नावापुरता असला तरी चालतो. घ्यायचाच तर हातात धरायचा छोटा घ्या. मोठा घेतलात तर अँटेना आणि केबल जुनीच राहू द्या, जास्त वॅटमुळे सगळं भरून निघतं. जुन्या बाजारातला रेडिओही नव्याइतकाच चांगला. वीज जवळच्या दिव्याच्या वायरीतून घ्या. आणि शेवटचं: संकटात रेडिओवरचं लाल बटण दाबलं की उपग्रह तुम्हाला शोधून काढतो, त्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही.

मी शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करते, कारण तो जीवघेणा आहे.

बोटीवरच्या व्हीएचएफ, म्हणजे जवळच्या अंतरावर बोलायच्या, रेडिओचा उपग्रहाशी संबंध एवढाच की जीपीएसकडून त्याला आपली जागा कळू शकते. त्याचा स्वतःचा संदेश उपग्रहाकडे जात नाही. उपग्रहाकडे हाक पाठवणारं यंत्र वेगळं असतं, ईपर्ब. ते ४०६ मेगाहर्ट्झवर चालतं आणि वेगळं विकत घ्यावं लागतं. रेडिओवरचं लाल बटण तीन ते पाच सेकंद दाबून धरलं की चॅनेल ७० वरून एक छोटा डिजिटल संदेश आजूबाजूच्या बोटींना आणि किनाऱ्यावरच्या तटरक्षक दलाला जातो. या पद्धतीला डीएससी म्हणतात. त्या संदेशात दोन गोष्टी महत्त्वाच्या असतात: तुम्ही कोण आणि तुम्ही कुठे. आणि या दोन्ही रेडिओला तुम्हीच पुरवायच्या असतात.

"कोण" म्हणजे एमएमएसआय, बोट आणि तिचा मालक यांच्या नावाने नोंदवलेला नऊ आकडी क्रमांक. खोक्यातून काढलेल्या रेडिओत तो नसतो, आणि तो भरेपर्यंत बहुतेक रेडिओंवर लाल बटण काहीच करत नाही. "कुठे" हे जीपीएसकडून येतं. ते काही रेडिओंच्या आतच असतं, नसेल तर बोटीवरच्या प्लॉटरपासून, म्हणजे बोट नकाशावर कुठे आहे ते दाखवणाऱ्या यंत्रापासून, तार जोडावी लागते.

रविवारी मी त्याच्या बोटीवर गेले. रेडिओ चालू होता, चॅनेल १६ वर, म्हणजे सगळ्यांच्या हाकेच्या चॅनेलवर, लोकांचं बोलणं स्वच्छ ऐकू येत होतं, आणि स्क्रीनच्या कोपऱ्यात जागेच्या ठिकाणी नुसत्या रेघा होत्या. क्रमांक भरलेला नव्हता. रेडिओ स्वस्तातला, आत जीपीएस नसलेला. मागच्या बाजूने पाच-सहा रंगीत तारा तशाच लोंबत होत्या, एकीलाही काही जोडलेलं नव्हतं. आणि तिथून हातभर अंतरावर, बोट कुठे आहे हे अचूक माहीत असलेला प्लॉटर! त्याच्या बायकोने लाइफ जॅकेटं ठेवली त्याच फळीवर कागदाची चिठ्ठी लावली होती: "काही झालं तर लाल बटण." ती चिठ्ठी पाहून मला पुढे बोलवेना.

हे एकट्या भाच्याचं नाही. अमेरिकेच्या तटरक्षक दलाने २०१० साली याच विषयावर सुरक्षा-इशारा काढला होता. त्यांच्याकडे येणाऱ्या डीएससी संकट-संदेशांपैकी सुमारे ९० टक्क्यांत बोटीची जागाच नसते आणि सुमारे ६० टक्क्यांत नोंदवलेली ओळख नसते, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. नंतर आत जीपीएस असलेले रेडिओ सर्रास मिळू लागले, त्यामुळे आज चित्र बरं असणार, हे मान्य. पण ज्यांच्या तारा लोंबत्याच राहिल्या त्यांच्यासाठी काहीही बदललेलं नाही.

मग करायचं काय? फक्त अमेरिकेच्या पाण्यात फिरणाऱ्या हौशी बोटीला एमएमएसआय क्रमांक बोटयूएससारख्या बोटमालकांच्या संस्थेकडून मिळतो. कॅनडा किंवा बहामाजला जायचं असेल तर एफसीसीचा, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी दूरसंचार संस्थेचा, परवाना आणि त्यांच्याकडचाच क्रमांक घ्यावा लागतो. क्रमांक भरताना चष्मा लावून, दुसऱ्याला मोठ्याने वाचायला सांगून भरा. बहुतेक रेडिओ तो एकदाच, फार तर दोनदा भरू देतात. चुकला तर रेडिओ कंपनीकडे परत पाठवावा लागतो. तारा जोडताना रंगाला रंग जुळवू नका, प्रत्येक कंपनीचे रंग वेगळे असतात. दोन्ही यंत्रांची पुस्तिका समोर ठेवायची, प्लॉटरची बाहेर जाणारी तार रेडिओच्या आत येणाऱ्या तारेला जोडायची, आणि दोन्हीकडे माहिती पाठवण्याचा वेग सारखा ठेवायचा. साध्या जुन्या पद्धतीत तो ४८०० असतो. आम्हाला यालाच दुपार लागली. शेवटी स्क्रीनवर अक्षांश-रेखांश उमटले.

आणि कृपा करून लाल बटण दाबून चाचणी घेऊ नका. खोटी संकट-हाक हा इथे गंभीर गुन्हा आहे. चाचणीसाठी रेडिओच्या मेनूत टेस्ट कॉल असतो. तो तटरक्षक दलाच्या ००३६६९९९९ या क्रमांकाला पाठवायचा, आपोआप उत्तर येतं.

आता हातातल्या छोट्या रेडिओबद्दल. इथे मेसेजमध्ये अर्धं खरं आहे, ते नाइलाजाने का होईना मान्य करते. अमेरिकेच्या किनाऱ्यावर रेस्क्यू २१ नावाची टॉवरची साखळी आहे. पाण्यापासून दोन मीटर उंचीवरचा एक वॅटचा रेडिओसुद्धा २० सागरी मैलांवरून ऐकू यावा अशा बेताने ती उभारली आहे, आणि आवाज कुठल्या दिशेने आला तेही तिला कळतं. म्हणजे चेसापीकच्या खाडीत हातातल्या रेडिओवरूनही तटरक्षक दलापर्यंत हाक पोचण्याची चांगली शक्यता आहे. पण हे श्रेय उंच टॉवरचं. बुडत असताना तुमच्यापर्यंत सगळ्यात आधी पोचू शकते ती शेजारची बोट, आणि तिच्या डोक्यावर टॉवर नसतो.

या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. अँटेनाच्या मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ काढून २.२ ने गुणलं की साधारण किती सागरी मैल पोच आहे ते कळतं. कॉकपिटमध्ये, म्हणजे बोटीवर सुकाणूपाशी बसायच्या जागेत, बसून धरलेल्या रेडिओला तीन मैल. डोलकाठीच्या टोकावरच्या, म्हणजे १२ मीटर उंच अँटेनाला साडेसात. दोन बोटींमधलं अंतर काढताना दोघींची पोच मिळवायची: हातातले दोन रेडिओ असतील तर सहा मैल, डोलकाठीवरच्या दोन अँटेना असतील तर पंधरा. पाच वॅटचे पंचवीस वॅट केल्याने क्षितिज पुढे सरकत नाही. माझ्याकडेही हातातला रेडिओ आहे, डोलकाठी मोडली किंवा बॅटरी पाण्यात गेली तर असावा म्हणून. बसवलेल्या रेडिओच्या जोडीला तो घ्या, त्याच्या जागी नको.

उंचीचं महत्त्व कळलं की केबलचा मुद्दा आपोआप येतो. डोलकाठीतून वर जाणारी केबल या बोटीवर साधारण ६० फूट आहे, बारीक आरजी-५८ जातीची. नवी कोरी असतानाही एवढ्या लांबीत ती निम्म्याहून जास्त ताकद खाते. रेडिओ २५ वॅट सोडतो, वर जेमतेम ११ पोचतात. जाड आरजी-२१३ घातली तर १७ च्या आसपास. आणि ही केबल नवी कोरी नाहीच. खालचा कनेक्टर कापून पाहिला तर आतलं तांबं हिरवंकाळं पडलेलं, वरून पाणी शिरून झिरपत खाली आलेलं. जास्त वॅटने हे भरून निघतं म्हणे! ऐकण्याच्या वेळी तरी तुमचे वॅट कामाला येत नाहीत. समोरच्याचा क्षीण आवाज त्याच कुजक्या केबलमधून खाली यायचा असतो.

अँटेना घेताना शिडाच्या बोटीला ३ डीबीची घ्या (हा आकडा अँटेना ताकद किती एकवटते ते सांगतो). आकडा मोठा म्हणून ६ किंवा ९ ची घेतली तर तिची ताकद चपट्या पट्ट्यात जाते, आणि बोट वाऱ्याने कलली की अर्धी आभाळात, अर्धी पाण्यात.

बाकीचे मुद्दे भराभर. जुन्या बाजारातल्या रेडिओत आधीच्या मालकाचा क्रमांक असतो, तो आपल्याला पुसता येत नाही. तुम्ही संकटात असताना तटरक्षक दल फोन त्याला करेल. शिवाय सुरुवातीच्या डीएससी रेडिओंना चॅनेल ७० साठी वेगळा रिसीव्हर नसे. तो असलेला, म्हणजे क्लास डी असं लिहिलेलाच घ्या.

दिव्याच्या वायरीतून वीज घेऊ नका. बोलताना रेडिओ पाच-सहा अँपिअर ओढतो. बारीक वायरीत व्होल्टेज पडतं, ऐकायला सगळं नीट येतं आणि बोलायचं बटण दाबताच रेडिओ बंद पडतो. पॅनेलपासून स्वतंत्र जाड वायर, तिला स्वतःचा फ्यूज. आणखी एक, जे मेसेजमध्ये नाही पण भाच्याने केलं होतं: रेडिओ ज्या भिंतीवर लावला तिच्या बरोबर पलीकडे होकायंत्र होतं. स्पीकरच्या लोहचुंबकाने सुई फिरलेली. होकायंत्रापासून किती लांब ठेवायचा ते पुस्तिकेत छापलेलं असतं.

मोबाईल जवळ ठेवाच, चेसापीकमध्ये बऱ्याच ठिकाणी रेंज मिळते. पण फोन एकालाच लागतो. चॅनेल १६ वरची हाक आसपासचे सगळे ऐकतात. आणि बाल्टिमोरकडे येणारं मालवाहू जहाज अंगावर येतंय असं वाटलं तर त्याच्या कप्तानाचा मोबाईल नंबर कुठून आणणार? चॅनेल १३ वर, जहाजांच्या आपसातल्या बोलण्याच्या चॅनेलवर, तो ऐकत असतो.

संध्याकाळी निघण्याआधी आम्ही टेस्ट कॉल केला, उत्तर आलं. डोलकाठीतली केबल हिवाळ्यात डोलकाठी उतरवल्याशिवाय बदलता येणार नाही. तोपर्यंत मागच्या कठड्यावर छोटी अँटेना आणि पंधरा फूट नवी केबल लावली आहे. तिची पोच चार मैलांच्या आतच, म्हणून थॉमस पॉइंटच्या दीपगृहापलीकडे या मोसमात जायचं नाही असं त्याने कबूल केलंय. फळीवरची चिठ्ठी त्याच्या बायकोने स्वतः काढली आणि नवी लिहिली: आधी बटण, मग चॅनेल १६, मेडे (संकटाची हाक) तीनदा, बोटीचं नाव, जागा, काय झालं, माणसं किती.