‘जागा भरली’ म्हणायला शिकवणारा मेसेज

परवा दुपारी मोठेबाबांनी घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला. ‘व्यापारी बंधूंनो, अपंग माणूस कामावर ठेवण्याआधी हे वाचा, दहा जणांना पाठवा.’ खाली पाच मुद्दे, मधे मधे लाल दिवे. मोठेबाबांचं नागपूरच्या गांधीबागेत कापडाचं दुकान आहे. त्या दुकानाचं जीएसटी रिटर्न दर महिन्याच्या २० तारखेच्या आत भरते ती माझी लहान बहीण. तिला अल्पदृष्टी आहे, आणि ती त्याच ग्रुपवर आहे. मोठेबाबांनी मेसेज न वाचताच पुढे ढकलला असणार, ते नेहमीचंच आहे. तिनं मात्र वाचला. म्हणून हे लिहून राहिलो.

पाचवा मुद्दा आधी घेतो, बाकीचे चार त्याच्याच तयारीसाठी आहेत. ‘नाही म्हणायचं असेल तर कारण लिहून देऊ नका. जागा भरली, एवढंच सांगा.’

हे वाक्य आमच्या घरात पाठ आहे. बहीण एका कंपनीत मुलाखतीला गेली होती. नवीन पत्ता, म्हणून बाबा सोबत. साहेबांनी तिची फाइल चाळली आणि बाबांकडे पाहून विचारलं, “हिले कम्प्युटर जमते का?” ती म्हणाली, “जमते.” पुढचा प्रश्नही बाबांनाच, “येणं-जाणं कसं करन?” ती म्हणाली, “मेट्रोनं.” मग, पुन्हा बाबांनाच, “चहा घेते का ही?” चहा आला आणि चहासोबतच जागा भरल्याची बातमी आली. तीच जाहिरात पुढचे तीन रविवार पेपरात होती. आई दर वेळी ती मोठ्यानं वाचायची, कशासाठी ते तिलाच माहीत.

मेसेजवाल्याला वाटतं, कारण सांगितलं नाही की सुटलो. त्यानं २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम उघडून पाहायला हवा होता. तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याचं कलम ३ सांगतं की अपंगत्वावरून भेदभाव करता येणार नाही. अपवाद एकच: रास्त उद्देश आहे आणि त्यासाठी उचललेलं पाऊल प्रमाणात आहे, हे दाखवता आलं तर. म्हणजे नकार द्यायला कायद्यानं जी एक फट ठेवली तीही कारण दाखवणाऱ्यासाठी आहे, आणि हा गडी व्यापाऱ्यांना सांगतो, कारण लपवा!

आता पहिला आणि दुसरा मुद्दा. हे दोन्ही एकाच माणसानं एकाच दमात लिहिलेत यावर माझा अजून विश्वास बसत नाही.

पहिला: ‘हा कायदा फक्त सरकारी ऑफिसांना आहे.’ बरं, अर्धं खरं आहे, मान्य. ४ टक्के आरक्षण सरकारी आस्थापनांनाच बंधनकारक आहे, खाजगी दुकानदारावर कोटा नाही. पण कायद्यातल्या ‘आस्थापना’ या शब्दात खाजगीही येते. कलम २१ प्रमाणे प्रत्येक आस्थापनेनं समान संधी धोरण जाहीर करायचं असतं, आणि २०१७ च्या नियमांनुसार २० किंवा जास्त माणसं असतील तर अपंगांच्या भरतीवर लक्ष ठेवायला संपर्क अधिकारीही नेमायचा असतो. बुटीबोरी-हिंगण्याच्या एमआयडीसीत २० माणसांचे कारखाने काही कमी नाहीत. कायदा मोडला तर पहिल्या वेळी १० हजारांपर्यंत दंड, पुढच्या वेळी ५० हजार ते ५ लाख.

दुसरा: ‘एकदा ठेवलं की जन्मभर काढता येत नाही.’ हे कुठून आलं ते शोधलं. कलम २० मधे एक तरतूद आहे: नोकरीत असताना अपंगत्व आलं तर त्या माणसाला काढता येणार नाही, पद खाली आणता येणार नाही. जुनं काम झेपत नसेल तर त्याच पगारावर दुसरं काम द्यायचं. चांगली तरतूद आहे. पण ती आहे सरकारी आस्थापनेसाठी! म्हणजे जो कायदा दुकानदाराला लागू आहे तो याच्या मते फक्त सरकारी, आणि जी तरतूद खरोखर फक्त सरकारी आहे तिची भीती दुकानदाराला. चोरी, दांडी, खोटे हिशेब, यावर इतर कोणाला जसं काढता तसं अपंग कर्मचाऱ्यालाही काढता येतं. माझ्या बहिणीला त्यात सूट नको आहे.

तिसरा मुद्दा खर्चाचा. ‘लाखोंचं सॉफ्टवेअर, वरून विमा महाग.’ बहीण एनव्हीडीए वापरते. पडद्यावरचं वाचून दाखवणारा हा प्रोग्राम ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी बनवला, किंमत शून्य. अक्षर मोठं करणारं भिंग विंडोजमधेच असतं. कानात एक इअरफोन, आवाजाचा वेग इतका की आपल्याला नुसती मधमाशी ऐकू येते, ती मात्र त्यातून बिलाचा चुकलेला आकडा पकडते. आणि कर्मचारी राज्य विम्यात (ईएसआय) मालकाचा वाटा पगाराच्या ३.२५ टक्के, डोळे कसेही असोत.

चौथा: ‘अर्धी सर्टिफिकेटं बोगस असतात.’ अर्धी हा आकडा कुठला, ते विचारू नका. पण बोगस सर्टिफिकेटं निघतात, हे नाकारत नाही. त्यासाठी याच कायद्याच्या कलम ९१ मधे २ वर्षांपर्यंत कैद आहे. फुकटचा फायदा लाटणाऱ्यांवर आमच्या घरात सगळ्यात जास्त राग तिलाच येतो, कारण त्यांचा हिशेब तिच्याकडून मागितला जातो. फोन डोळ्यापाशी नेऊन ती नंबर वाचते, ते कोणी पाहिलं की लगेच, “तुले तर दिसते नं व!” मुलाखतीत कमी दिसतं म्हणून नको, बाहेरच्या बाकावर जास्त दिसतं म्हणून खोटी.

आता मुलाखतीला जाताना ती गेटपाशीच फोन पर्समधे टाकते. परत रस्त्यावर येईपर्यंत काढत नाही.